लाल सदरा आणि कंपनीचा किल्ला

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. त्यात ऑर्लॅन्डो शहर. शहराला खेटून डिस्ने वर्ल्ड. पंचवीस हजार एकरांवर पसरलेली कंपनीची जत्रा. १९७१ साली ती भरली ती अजून उठलेली नाही. जत्रेच्या मधोमध सिंड्रेलाचा किल्ला. खोटा किल्ला. त्यात राजा राहत नाही, राणी राहत नाही. पण गल्ला खरा आहे.

१ जून १९९१, शनिवार. त्या दिवशी सुमारे ३,००० माणसं लाल सदरे घालून त्या जत्रेत शिरली. समलिंगी पुरुष, समलिंगी बाया. एकमेकांना ओळखता यावं आणि जगालाही ओळखता यावं म्हणून लाल रंग. ती पाळण्यात बसली. उतारावरून गाडी सुटली तशी किंचाळली. आइस्क्रीम खाल्लं. किल्ल्यासमोर उभी राहिली. घोषणा नाही, झेंडा नाही, दगड नाही. दिवसभर मजा केली आणि रात्री घरी गेली.

एवढंच केलं. आणि एवढ्यानं त्या देशातल्या धर्ममार्तंडांच्या झग्याला जी आग लागली ती वर्षानुवर्षं विझली नाही. कारण लाल सदरेवाले पुढच्या जूनला पुन्हा आले. त्याच्या पुढच्या जूनलाही. जूनचा पहिला शनिवार म्हणजे त्यांचा दिवस, असं होऊन बसलं. ३,००० चे १०,००० झाले आणि पुढे आयोजकांच्या हिशेबानं आठवडाभराच्या मेळ्याचा आकडा लाखावर गेला.

आता हे आपल्या अंकात कशाला, असं विचारणारे दोन प्रकारचे लोक आहेत. दोघांनाही सरळ करायचं आहे.

पहिला आपल्यातलाच कडवा गडी. तो म्हणणार, इथं भाकरीची मारामार आणि तू गोऱ्या चैनखोरांच्या पाळण्यावर लिहितोस? दुसरा इंग्रजी पेपर वाचणारा पांढरपेशा. तो म्हणणार, बघा, बाजारानं माणसाला कसं मुक्त केलं! कंपनी किती उदार! पैशाला जात नसते, लिंग नसतं!

पहिल्याचा हिशेब आधी करू. तो आपला आहे.

गड्या, मी गोदीत हमाली करतो. गेट म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. पास दाखव, खिसे दाखव, डबा उघड, पाळी संपली की पुन्हा खिसे दाखव. गेटवर उभा असलेला माणूस तुझ्या हातातला कागद बघत नाही, तुझं तोंड बघतो. तोंड पसंत पडलं नाही तर कागद खोटा. हे ज्यानं सोसलंय त्याला मी विचारतो, जत्रेच्या गेटला गेट म्हणायचं नाही काय? गावच्या जत्रेत कोणी कुठपर्यंत यायचं, पालखीला कोणी शिवायचं नाही, हे ठरवणारे कोण होते ते तुझ्या आज्याला माहीत होतं. त्याला तिथं जेवण नाकारलं नव्हतं. मजा नाकारली होती. आणि माणसाला माणसातून उठवायचं तर त्याची मजाच आधी काढून घेतात. भाकरी थोडी तरी टाकावीच लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी राबणार कोण?

अमेरिकेतल्या काळ्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. करमणुकीच्या बागा गोऱ्यांच्या, पाळणे गोऱ्यांचे. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंगनं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं. कायदा, न्याय, देव या सगळ्यावर लिहिता लिहिता त्यात तो आपल्या सहा वर्षांच्या पोरीवर येतो. टीव्हीवर फनटाऊन नावाच्या बागेची जाहिरात बघून पोर हट्ट धरते, आणि बापाला सांगावं लागतं की ती बाग काळ्या मुलांना बंद आहे. एवढा मोठा पुढारी, तुरुंगात बसलेला, आणि त्याला पाळणा आठवतो! का आठवतो? कारण पोरीच्या डोळ्यांतून त्याला अख्खी गुलामी दिसते.

बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाची अशीच बाग होती. तिच्या गेटवर अनेक वर्षं निदर्शनं झाली, माणसं गाडीत कोंबून तुरुंगात नेली. २८ ऑगस्ट १९६३ ला ती सगळ्यांना खुली झाली. तारीख लक्षात ठेवा. त्याच दिवशी वॉशिंग्टनला तो प्रचंड मोर्चा होता. इकडे लाखोंचा मोर्चा, तिकडे अकरा महिन्यांची एक काळी पोर बापाच्या हाताच्या आधारानं लाकडी घोड्यावर बसलेली. दोन्ही एकाच लढ्याची कामं. १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळ भरली ती नुसती घसा ओला करायला नव्हती. पाळण्याचंही तसंच आहे.

म्हणून जो म्हणतो की लाल सदऱ्याचा शनिवार ही चैन आहे, त्यानं आधी फ्लोरिडात या माणसांचं काय केलं गेलं ते ऐकावं.

१९५६ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळानं एक चौकशी समिती बसवली. चार्ली जॉन्स नावाचा पुढारी तिचा म्होरक्या. समिती कशासाठी? काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना मोडून काढण्यासाठी. तिच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारायचा, सभासदांची यादी हिसकायची, मग एकेकाला गाठायचं. संघटनेनं यादी दिली नाही. कोर्टात लढली आणि १९६३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जिंकली. पण मधल्या काळात समितीच्या दातांना काहीतरी चावायला पाहिजे होतं. मग तिनं मोर्चा वळवला समलिंगी शिक्षकांकडे, प्राध्यापकांकडे, विद्यापीठातल्या पोरांकडे. बंद खोलीत चौकश्या. तू कुणाबरोबर झोपतोस? आणखी कोणाकोणाची नावं सांगतोस? कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांचं शिक्षण तुटलं. १९६५ पर्यंत हे चाललं.

नीट बघ गड्या. तीच समिती, तीच खुर्ची, तोच पोलीस. सकाळी काळ्याच्या मागे, दुपारी समलिंग्याच्या मागे. शिकाऱ्याला दोघांतलं नातं कळतं. शिकार झालेल्यांना अजून कळत नाही.

पुढे १९७७. मायामी शहर ज्यात येतं त्या डेड काउंटीनं नियम केला की समलिंगी आहे म्हणून कुणाला नोकरी, घर नाकारायचं नाही. अनिता ब्रायंट ही गायिका, संत्र्याच्या रसाच्या जाहिरातीत झळकणारी बाई, तिनं मोहीम उघडली. मोहिमेचं नावच मुळी आमची मुलं वाचवा. ७ जूनला मतदान झालं आणि तो नियम गाडला गेला. त्याच वर्षी फ्लोरिडानं कायदा केला की समलिंगी माणसाला मूल दत्तक घेता येणार नाही. तो २०१० साली कोर्टात पडेपर्यंत टिकला. तेहतीस वर्षं! मुलांना यांच्यापासून वाचवा, मुलांच्या आसपास यांना फिरकू देऊ नका, हा त्या राज्याचा मंत्र होता.

आता कळलं लाल सदरा मुलांच्याच जत्रेत का गेला? त्यांना रात्रीच्या अंधाऱ्या बारमध्ये बसायची मुभा होती. तीसुद्धा पोलिसांची धाड पडेपर्यंत. अंधारात जा, कोपऱ्यात जा, मरायचं तर गुपचूप मरा. आणि मरत तर होतेच. १९९० संपेपर्यंत त्या देशात एड्सनं १ लाखाहून जास्त माणसं गेली होती. समाजानं प्रेतं उचलायला हात लावला नाही. आता हावर्ड ॲशमनचं ऐका. डिस्नेच्या ‘द लिटिल मरमेड’ची गाणी त्यानं लिहिली. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची लिहिली. घराघरातली पोरं ती गाणी म्हणत झोपली, कंपनीनं नोटा मोजल्या. तो समलिंगी होता. १४ मार्च १९९१ ला एड्सनं गेला. त्यानंतर अडीच महिन्यांनी लाल सदरे किल्ल्यासमोर उभे राहिले. ज्याच्या शब्दांवर किल्ला चमकतो त्याच्या जातभाईंनी उन्हात, सगळ्यांच्या देखत, पोराबाळांच्या गर्दीत उभं राहायचं नाही काय?

आणि उभं राहण्याची त्यांची रीत बघा. आपल्या चळवळीनं अभ्यास करावा अशी ती रीत आहे.

आधीचा अनुभव काय होता? १९८० साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये दोन तरुण पोरं एकमेकांबरोबर नाचली. रखवालदारांनी दोघांना उचलून बाहेर काढलं. नियम असा की पुरुषानं बाईबरोबरच नाचायचं. पोरं कोर्टात गेली, १९८४ साली जिंकली. दोघं होते म्हणून उचलता आले. १९९१ साली फ्लोरिडावाल्यांनी परवानगी मागितली नाही. अर्ज केला नाही, निवेदन दिलं नाही, साहेबाची वेळ घेतली नाही. टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या संगणकांवरचे निरोपफलक तेव्हा होते. त्यावरून आणि तोंडातोंडी निरोप गेला. अमुक शनिवारी, लाल घालून या. प्रत्येकानं आपापलं तिकीट काढलं. आता कंपनी काय करणार? लाल सदऱ्याला बंदी घालणार? तिकीट काढलेल्या ३,००० गिऱ्हाइकांना उचलून बाहेर टाकणार, तेही शनिवारी, गर्दीच्या दिवशी, सगळ्यांसमोर?

रंग निवडला तोही हुशारीनं. लाल सदरा कुणाच्याही घरात असतो. चुकून लाल घालून आलेला एखादा कुटुंबवत्सल बाप दुपारपर्यंत भांबावून जाणार. सगळे आपल्याकडे असे का बघतात? हा आपल्याला बघून का हसला? ती बाई पोराला ओढून बाजूला का झाली? बापा, एक दिवस सोस. ते जन्मभर सोसतात.

पाद्री खवळले. १९९७ साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननं डिस्नेवर बहिष्काराचा ठराव केला. तेव्हा दीड कोटीवर सभासद असलेला हा पंथ. याच पंथाचा जन्म १८४५ साली कशावरून झाला माहीत आहे? गुलाम ठेवणाऱ्याला धर्मप्रचारक होता येईल की नाही, या वादावरून. येईल, म्हणणारे वेगळे निघाले, तेच हे. त्यांचा डिस्नेवरचा बहिष्कार २००५ पर्यंत कागदावर राहिला. पॅट रॉबर्टसन नावाच्या टीव्हीवरच्या धर्मगुरूनं १९९८ साली ऑर्लॅन्डो शहराला दम भरला. तुम्ही रस्त्यावर इंद्रधनुषी झेंडे लावलेत, तुमच्यावर वादळं येतील, भूकंप होतील, उल्कासुद्धा पडेल. त्या ऑगस्टमध्ये बॉनी नावाचं वादळ आलं खरं. ते ऑर्लॅन्डोला गेलं नाही. उत्तर कॅरोलायनाचा किनारा झोडपून व्हर्जिनिया बीचकडे सरकलं, जिथं या गुरूचं स्वतःचं ठाणं होतं. मी त्याला देवाचा न्याय म्हणणार नाही. वादळाला बायबल वाचता येत नाही. पण प्लेगपासून दुष्काळापर्यंत प्रत्येक आपत्तीचं खापर शिवाशिव मोडल्यावर फोडणारे आपल्याकडेही होऊन गेले. त्यांची भाषा आणि ही भाषा एकाच छापखान्यातली.

पहिल्या गड्याचं एवढं पुरे. आता दुसऱ्याकडे वळतो. पांढरपेशा टाळ्या वाजवतोय, वाहवा कंपनी!

थांब साहेब. कंपनीनं काय दिलं ते मोजू. हा दिवस कंपनीनं भरवला नव्हता, तो तिच्या अंगावर येऊन पडला. पुढे तिला दिसलं की लाल सदरेवाला तिकीट काढतो, जेवतो, खोली घेतो, बाहुल्या विकत घेतो. मग ती हसायला लागली. हसू आधी आलं की नोट आधी आली, हे गल्ल्यावर बसलेल्याला विचार. १९९६ पासून कंपनीनं समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना विमा-सवलती दिल्या, बरोबर. पण त्या मिळाल्या कारण आत काम करणारी समलिंगी माणसं आधी एकत्र आली आणि मागत राहिली. मालकाच्या खिशातून आपोआप पडलेलं नाणं मी तरी आजवर बघितलेलं नाही.

आणि त्या जत्रेत राबतो कोण ते बघ. तिथं कामगाराला कामगार म्हणत नाहीत. ‘कास्ट मेंबर’ म्हणतात. हसू नका दोस्तांनो! त्यांच्या भाषेत कास्ट म्हणजे नाटकातली पात्रं. झाडूवालाही पात्र, खानावळीत ताटं विसळणाराही पात्र. आपल्याला मात्र कास्ट म्हटलं की दुसरंच ऐकू येतं, आणि मला वाटतं आपलेच कान बरोबर आहेत. कारण मॅजिक किंगडम या बागेच्या पोटात बोगदे आहेत. खरं म्हणजे बोगदे जमिनीवर बांधले आणि त्यांच्या डोक्यावर माती घालून किल्ला, रस्ते, दुकानं उभी केली. कामगारानं त्या बोगद्यांतून यायचं-जायचं. कचरासुद्धा नळांतून हवेच्या जोरानं ओढून नेतात, पाहुण्याच्या डोळ्यांना तो दिसता कामा नये. घाण दिसू नये, घाण काढणारा दिसू नये. वर स्वर्ग, खाली वाट. ही रचना कुठं बघितली आहे ते मी सांगायला पाहिजे काय?

मिकीच्या मुखवट्याखालचा माणूस ऐका. २००१ सालापर्यंत डिस्ने वर्ल्डमधल्या पात्रांना आतले कपडेसुद्धा सामायिक घालावे लागत. आज तुझ्या अंगावरचे उद्या माझ्या अंगावर. उवा, खरूज झाल्याच्या तक्रारी झाल्या. युनियननं भांडून स्वतःचे आतले कपडे स्वतःकडे ठेवायचा, घरी धुवायचा हक्क मिळवला. एकविसावं शतक उजाडलं तेव्हा जगातल्या सगळ्यात आनंदी उंदराला स्वतःच्या चड्डीसाठी करार करावा लागत होता! तिथल्या युनियनला तासाला किमान १५ डॉलरचा करार २०१८ साली मिळाला आणि तोही टप्प्याटप्प्यानं २०२१ पर्यंत. किल्ल्याच्या एका दिवसाच्या तिकिटानं तर २०१५ सालीच शंभरी ओलांडली होती. म्हणजे दिवसभर किल्ला झाडणाऱ्याच्या पोरानं किल्ला बघायचा तर बापाच्या अख्ख्या पाळीची कमाई एका तिकिटात संपणार.

लाल सदरेवाल्या पाहुण्याला मला इथंच अडवायचंय. दोस्ता, तू आत गेलास, चांगलं केलंस. पण तुझ्याच रंगाचा माणूस बोगद्यातून चाललाय. त्याच्या अंगावर कंपनीचा पोशाख आहे, लाल सदरा नाही. त्याच्याकडे बघितलंस का?

कारण वेळ आली तेव्हा कोण उभं राहिलं, हे २०२२ साली दिसलं. फ्लोरिडानं कायदा आणला की प्राथमिक शाळेच्या वर्गात लैंगिक कल आणि लिंगओळख यांवर शिकवायचं नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘गे म्हणू नका’ कायदा. पुन्हा तेच, मुलं वाचवा. तीस वर्षं लाल सदऱ्यांच्या पैशावर हसलेली कंपनी आधी गप्प बसली. नुसती गप्पच नाही, कायद्याच्या बाजूच्या राजकारण्यांना तिनं देणग्या दिल्या होत्या. तोंड कधी उघडलं? आतल्या कर्मचाऱ्यांनी संताप दाखवल्यावर. मग मुख्य अधिकाऱ्यानं माफी मागितली, फ्लोरिडातल्या राजकीय देणग्या थांबवल्या. तरी २२ मार्चला कर्मचारी काम सोडून बाहेर पडलेच. पात्रांनी नाटक थांबवलं! २८ मार्चला गव्हर्नरनं कायद्यावर सही केली.

मग गव्हर्नर आणि कंपनी यांची जुंपली. त्या जत्रेच्या जमिनीवर १९६७ सालापासून कंपनीचं जवळपास स्वतःचं संस्थान होतं. रस्ते तिचे, गटारं तिची, आगीचे बंब तिचे. कायद्यानं अणुवीज केंद्रसुद्धा बांधायची मुभा होती. २०२३ साली राज्यानं तो कारभार आपल्या माणसांच्या हातात घेतला. कंपनी कोर्टात गेली. २०२४ च्या मार्चमध्ये दोघांनी कारभाराच्या त्या भांडणात तडजोड केली. दोन हत्ती भांडले, दोन हत्ती बसले. भांडण कशावरून सुरू झालं होतं? वर्गात बसलेल्या एका पोरावरून, ज्याला दोन आया आहेत. तडजोडीच्या टेबलावर ते पोर नव्हतं. टेबलावर जमीन होती.

तिकिटावर मिळालेल्या जागेची किंमत एवढीच असते. तिकीट एका दिवसाचं. संध्याकाळी दिवे मालवले की तू पुन्हा फ्लोरिडात. आणि ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत तो सकाळपासूनच फ्लोरिडात.

त्याच शहराची दुसरी रात्र सांगतो. २०१६ साली लाल सदऱ्यांचा शनिवार ४ जूनला झाला. पुढच्या शनिवारी रात्री ऑर्लॅन्डोच्याच पल्स नावाच्या क्लबात लॅटिन नाच होता. मरणारी बहुतेक तरुण पोरं लॅटिनो, कित्येक पोर्तो रिकोहून पोट भरायला आलेली. १२ जूनच्या पहाटे एक बंदूकवाला आत शिरला. ४९ माणसं मारली. मेलेल्यांत त्या थीम पार्कांत राबणारेही होते. किल्ल्याच्या तटबंदीनं त्यांना वाचवलं नाही. किल्ला त्यांच्यासाठी नव्हताच. ते आठवडाभर तो चालवायचे आणि शनिवारी रात्री आपल्या माणसांत नाचायला यायचे.

त्या क्लबासमोरच्या रस्त्यावर पादचाऱ्यांचे पट्टे इंद्रधनुषी रंगवले होते, मेलेल्यांची आठवण म्हणून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या खात्यानं रातोरात ते पुसले. काळंपांढरं केलं. सकाळी माणसं आली आणि खडूनं पुन्हा रंग भरायला लागली. पुढे खडू धरल्याबद्दल माणसं पकडली. खडूबद्दल! सरकारला खडूची भीती वाटते. आणि मी म्हणतो, भीती बरोबर आहे. खडू फुकट मिळतो, त्याला तिकीट लागत नाही. १९९१ चा लाल सदरा असाच होता. कंपनीचा शिक्का नसलेला, घरच्या पेटीतला. त्याची ताकद तिकिटात नव्हती. एका रंगात, एका दिवशी, एका जागी, न विचारता येण्यात होती.

आता आपल्या घरात येतो. परक्याच्या अंगणात दगड मारून पळणाऱ्यांतला मी नाही.

पँथर हे नाव आपण कुठून उचललं? १९६६ साली कॅलिफोर्नियात ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली, तिच्याकडे बघून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. भिंतीवर तिचं चित्र आपण लावतो. पण त्या पँथरचा ह्यूई न्यूटन तुरुंगातून सुटून आला आणि १५ ऑगस्ट १९७० ला आपल्याच भावांना काय म्हणाला, हे आपल्यातले किती जण सांगतात? तो म्हणाला की बायांची चळवळ आणि समलिंग्यांची चळवळ यांना आपले सोबती माना. तुमच्या मनात त्यांच्याबद्दल भीती असेल, किळस असेल, तरी ते दबलेले आहेत हे ओळखा. त्यांच्या नावाच्या शिव्या तोंडातून काढून टाका. कदाचित तेच सगळ्यांत जास्त क्रांतिकारक ठरतील, इथपर्यंत तो बोलला. १९७० साली, बंदुका घेतलेल्या, मर्दानगीची नशा चढलेल्या पोरांसमोर. आपण त्याचा जाकीट आणि टोपी घेतली. हे भाषण तिकडेच ठेवलं.

गोदीत, नाक्यावर, युनियनच्या हापिसात, आपल्या कवितावाचनाच्या कट्ट्यावर कान देऊन ऐका. मुकादम हरामखोर आहे, त्याला काय म्हणतात? गांडू. पोलिसासमोर जो घाबरला तो? बायल्या. मोर्चाला आला नाही तो? छक्का. अरे, मुकादमानं तुझी मजुरी मारली, त्याचा सूड तू कुणाच्या नावावर उगवतोस? ज्या माणसानं तुझं काही वाकडं केलं नाही, ज्याला त्याच्या घरानं बाहेर काढलं, जो सिग्नलला टाळी वाजवून पोट भरतो, त्याच्या नावाची तू शिवी करतोस. आणि आपल्या जातींची नावं या देशात शिव्या म्हणून वापरली गेली तेव्हा आपल्या अंगाची आग झाली होती ना? अजून होते ना? कायदा करून घ्यावा लागला ना त्यासाठी? मग ही दुसऱ्याच्या नावाची शिवी तुझ्या तोंडात कोणी घातली? गावच्या पाटलानं घातली. तोच पाटील, जो आपल्याही नावाची शिवी द्यायचा.

आणि आपल्या वस्तीत अशी पोरं नाहीत असं कुणी म्हणालं तर तो खोटारडा. ती आहेत. ती आपल्याच मिरवणुकीत नाचतात, आपल्याच ग्रंथालयात वाचतात, आपल्याच टोळीत ओझं उचलतात. त्यांना दोन गेटं आहेत. एक जातीचं, जे आपण सगळे ओळखतो. दुसरं आपणच लावलेलं. त्या दुसऱ्या गेटवर रखवालदार म्हणून आपण उभे आहोत. बिनपगारी.

तेव्हा ऑर्लॅन्डोच्या लाल सदऱ्याकडून घ्यायचं ते एवढं घ्या. मजा मागायला लाजू नका, तो भाकरीचाच अर्धा भाग आहे. परवानगी मागत बसू नका. एकटे जाऊ नका, एकट्याला उचलतात. कंपनीनं दार उघडलं म्हणून तिच्या पाया पडू नका, ज्यानं दार उघडलं तो ते लावूही शकतो. आणि आत गेलात की बोगद्यात कोण आहे ते आधी विचारा.

पुढच्या वेळी मोर्चा निघेल तेव्हा वस्तीतल्या त्या पोराला, त्या पोरीला, सिग्नलवरच्या त्या ताईला हाक मारून बोलवा. शेवटच्या रांगेत नाही. बॅनरचा बांबू त्यांच्या हातात द्या. कुणी मागून फिदीफिदी हसला तर मोर्चा तिथंच थांबवा, आधी त्याचा निकाल लावा आणि मग पुढं चला.